दिवाळीपुरतं मशीन

नागपुरात घरगुती उपकरणांच्या दुकानाचं वर्ष होळीला सुरू होतं. होळीची राख थंड व्हायच्या आत लोक कूलर विचारायला येतात. आमचं दुकान बर्डीला, मुख्य रस्त्याच्या मागच्या गल्लीत. मामाजींनी, म्हणजे माझ्या सासऱ्यांनी, ते सुरू केलं तेव्हा पंखे, मिक्सर, इस्त्र्या आणि पत्र्याचे कूलर एवढाच माल होता. कूलरची बॉडी इथेच बनायची, मोटर आणि पंप बाहेरून यायचा, आणि बिघडला तर दुरुस्त करणारा माणूस त्याच गल्लीत चार दुकानं सोडून बसलेला असायचा. वॉरंटीचा कागद कुणी मागत नसे. मामाजी गल्ल्यावर बसलेले दिसले की लोकांचं काम भागायचं.

लग्न होऊन आले तेव्हा मी बी. कॉम. झालेली, म्हणून हिशेबाला बसले. पुढे कंपन्यांचा माल वाढला, वॉरंटी कार्डं वाढली, आणि तक्रारींचं टेबल माझ्याकडे आलं. विक्रीचा काउंटर दीर आणि मुलं बघतात. विकल्यानंतर जे काही होतं ते सगळं माझ्यासमोर येऊन बसतं.

मार्च ते मे कूलर, एप्रिलपासून एसी. पारा पंचेचाळीसच्या वर गेला की गिऱ्हाईक किंमत विचारत नाही, ‘आज बसवून देता का’ एवढंच विचारतं. मृगाचा पाऊस पडला की हा धंदा एका दिवसात आटोपतो. मग कपडे वाळत नाहीत म्हणून वॉशिंग मशीन. गणपती ते दसरा फ्रिज आणि टीव्ही. आणि दसऱ्यापासून धनत्रयोदशीपर्यंतच्या अठरा-वीस दिवसांत व्हॅक्यूम क्लीनर. एरवी वर्षभर तो वरच्या फळीवर असतो, त्याच्यावरची धूळ आमचीच मुलं फडक्याने पुसतात.

कर बदलला की विक्री कशी हलते तेही या काउंटरवर दिसतं. १ जुलै २०१७ ला जीएसटी आला तेव्हा आमचा बहुतेक माल २८ टक्क्यांत गेला. वर्षभराने, २७ जुलै २०१८ पासून, फ्रिज, वॉशिंग मशीन, मिक्सर आणि व्हॅक्यूम क्लीनर १८ टक्क्यांवर आले. एसी मात्र २८ वरच राहिला. तो आणि मोठे टीव्ही १८ वर यायला २२ सप्टेंबर २०२५ उजाडला, म्हणजे नेमकी घटस्थापना. कर कमी होणार हे १५ ऑगस्टलाच कळलं होतं. त्यामुळे त्या गणपतीत लोक यायचे, मॉडेल बघून जायचे आणि ‘नवरात्रात नेतो’ म्हणायचे. नेलंही. तोवर आमचं गाळेभाडं आणि पगार मात्र थांबले नव्हते.

ऑनलाइन विक्रीने वेगळीच गोष्ट घडवली. २०१४ च्या दिवाळीपासून लोक मोबाईलवर किंमत दाखवायला लागले. त्याचं मला दुःख नाही. ज्याला जिथे स्वस्त मिळेल तिथून त्याने घ्यावं. पण मशीन बंद पडलं की तेच लोक पुठ्ठ्याचा खोका घेऊन माझ्या टेबलाशी येतात, कारण समोर बसून ऐकून घेणारं दुसरं कुणी नसतं. आमचं बिल नसलं तरी मी तक्रार कशी नोंदवायची ते सांगते. दिराला हे पटत नाही. मला पटतं, आणि टेबल माझं आहे.

टाळेबंदीनंतर, २०२० च्या जूनमध्ये, सम-विषम पद्धतीने दुकानं उघडली तेव्हा व्हॅक्यूम क्लीनर पहिल्यांदाच ऐन उन्हाळ्यात विकला गेला. कामाच्या मावश्या येत नव्हत्या, घरात सगळे चोवीस तास, आणि झाडूपोछा कुणी करायचा हा प्रश्न. तोवर ज्यांनी कधी विचारलंही नव्हतं अशा घरांतून मागणी आली. त्या उन्हाळ्यात गेलेल्या मशीनच्या तक्रारी पुढच्या दोन वर्षांत फार कमी आल्या. रोज चालणारी, रोज पिशवी रिकामी होणारी मशीनं टिकली. दिवाळीला नेलेली मशीनं बिघडली. हा फरक लक्षात आला तेव्हापासून व्हॅक्यूम क्लीनरच्या वॉरंटीकडे बघण्याची माझी नजर बदलली.

हे यंत्र आपल्याकडे घरात शिरलं ते दारावर येणाऱ्या विक्रेत्यांमुळे. युरेका फोर्ब्स ही कंपनी १९८२ साली सुरू झाली, आणि टाय लावलेले, मोठी बॅग घेतलेले तिचे तरुण विक्रेते घरोघरी जायचे. माहेरी धंतोलीत आमच्या घरीही एक जण आला होता. त्याने आईच्या गादीवरून मशीन फिरवलं आणि निघालेली धूळ पांढऱ्या कापडावर ठेवून दाखवली. आई दोन दिवस त्या गादीवर झोपली नाही. तो माणूस तासभर बसला होता. पिशवी कशी काढायची, कशावर कोणता ब्रश लावायचा, काय अजिबात ओढायचं नाही, हे त्याने आईच्या हातून करून घेतलं. आज काउंटरवर खोका मिळतो, बिल मिळतं, आणि धनत्रयोदशीच्या गर्दीत कुणाला कुणाशी बोलायला वेळ नसतो. त्या तासाभरात सांगितलेलं सगळं आता बारीक अक्षरात एका पुस्तिकेत असतं, आणि ते माहीत नसल्याचा दोष पुढे गिऱ्हाइकावर येतो.

मशीन धनत्रयोदशीच्या आधी आठवडाभर येतं. जाळी-जळमटं, सोफा, पडदे, गाद्या सगळं होतं. भाऊबीज झाली की ते खोक्यात जातं आणि खोका माळ्यावर. मग आपला उन्हाळा, पत्र्याखाली किंवा स्लॅबखाली तापलेला माळा. मग पावसाळ्याची दमट हवा. उंदीर असले तर वायर किंवा होज पाइप कुरतडलेला. पिशवीत गेल्या वर्षीची धूळ तशीच. पुढच्या दिवाळीला मशीन उतरवून बटण दाबतात आणि ते चालत नाही. बिल काढून बघतात. दिवाळी तिथीने येते, वॉरंटी तारखेने संपते. २०२३ ची धनत्रयोदशी १० नोव्हेंबरला होती, २०२४ ची २९ ऑक्टोबरला, म्हणून त्या वर्षी साफसफाईच्या दिवसांत लोकांची वॉरंटी शिल्लक होती. २०२२ ची २२ ऑक्टोबरला होती, त्यामुळे तेव्हा मशीन नेलेल्यांनी २०२३ च्या साफसफाईला ते उतरवलं तेव्हा मुदत टळून गेलेली. ‘ताई, आठ दिवससुद्धा नाही वापरलं हो’ हे वाक्य मी दर वर्षी ऐकते, आणि ते खरं असतं.

२०२४ मध्ये केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने कंपन्यांना सांगितलं की वॉरंटी मशीन घरी बसवल्याच्या तारखेपासून धरा, विकल्याच्या तारखेपासून नको. एसी, फ्रिज, वॉशिंग मशीनसाठी हे बरोबर आहे. फ्लॅटचा ताबा मिळायच्या आधी घेऊन ठेवलेला एसी सहा महिने खोक्यात असतो. व्हॅक्यूम क्लीनर मात्र कुणी ‘बसवत’ नाही. त्याचा प्रश्न तिथे सुटला नाही.

म्हणून आता आमच्या दुकानातून मशीन गेलं की मार्चमध्ये आणि सप्टेंबरमध्ये मी त्या घरी फोन लावते. खाली उतरवा, पिशवी झटका, फिल्टर धुऊन वाळवा, पाच मिनिटं चालवा. आवाज बदलला असेल, जळका वास येत असेल, तर त्याच दिवशी तक्रार नोंदवून नंबर घ्या. बरेच जण करत नाहीत. जे करतात त्यांची मशीनं मुदतीच्या आत दुरुस्त होतात.

पुराची गोष्ट वेगळी. २३ सप्टेंबर २०२३, शनिवारची पहाट. चार तासांत शंभर मिलिमीटरच्या वर पाऊस झाला, अंबाझरी तलाव ओसंडला, नाग नदीने पात्र सोडलं. अंबाझरी लेआउट, कॉर्पोरेशन कॉलनी, डागा लेआउट, शंकरनगर या भागांत झोपेतल्या लोकांच्या घरात पाणी शिरलं. बर्डीच्या मोरभवन स्थानकात एसटी बस पाण्यात उभ्या होत्या. घरात गणपती बसलेले होते. पाणी उतरल्यावर लोक आमच्याकडे फोन करायला लागले ते फ्रिज आणि वॉशिंग मशीनसाठी. नैसर्गिक आपत्ती वॉरंटीत येत नाही, हे प्रत्येक कार्डावर छापलेलं असतं, आणि चिखलात आडव्या पडलेल्या फ्रिजशेजारी उभ्या असलेल्या बाईला ते फोनवर सांगावं लागतं. आम्ही एक काम करू शकलो. पंचनामा आणि विमा या दोन्हींसाठी बिलं हवी होती, आणि लोकांची बिलं वाहून गेली होती. जीएसटीपासूनची सगळी बिलं आमच्या संगणकात होती. मोबाईल नंबरवरून शोधून आठवडाभर छापून देत राहिलो.

त्याच आठवड्यात ‘पाणी ओढणारं मशीन आहे का’ म्हणून रांग लागली. वेट अँड ड्राय प्रकारचं जेवढं होतं तेवढं गेलं. पण काही घरांत साधं कोरडं मशीन होतं आणि लोकांनी त्यानेच चिखल ओढला. साध्या मशीनमध्ये आत ओढलेली हवाच मोटरला थंड ठेवते; त्या हवेबरोबर पाणी आलं की ते थेट मोटरवर जातं. ती मशीनं माझ्याकडे आली तेव्हा मी कंपनीशी भांडले नाही. तिथे भांडण्यासारखं काही नव्हतं.

भांडले ते एका बाईंसाठी. मानेवाड्याकडे राहणाऱ्या, निवृत्त शिक्षिका. आदल्या वर्षीच्या धनत्रयोदशीला आमच्याकडूनच मशीन नेलेलं. मुदत संपायला काही दिवस बाकी असताना त्यांनी ते माळ्यावरून काढलं, ते घरघरलं आणि थांबलं. मी सांगितल्याप्रमाणे त्यांनी त्याच दिवशी तक्रार नोंदवली. कंपनीचा माणूस घरी आला, बटण दाबून बघितलं, आणि जॉबशीटवर लिहून गेला: पाण्याने खराब, वॉरंटीत बसत नाही. खाली नव्या मोटरचा खर्च.

“पाण्याचा थेंब नाही लागला हो याला,” बाई म्हणाल्या. “वर्षभर माळ्यावर होतं. मी कायला खोटं बोलू?”

“त्यांनी उघडून बघितलं का मॅडम?”

“नाही ना. स्क्रूला हातच नाही लावला.”

इथे माझं ठाम मत आहे. गैरवापर झाला असं म्हणणाऱ्याने तो दाखवला पाहिजे. मशीन न उघडता मोटरमध्ये पाणी गेलं असं कुणालाही कळू शकत नाही. मी सर्व्हिस सेंटरला फोन केला आणि म्हटलं, आम्ही मशीन घेऊन येतो, आमच्यासमोर उघडा. सेंटर कंपनीचं स्वतःचं नाही, फ्रँचायझीचं आहे. मालक आढेवेढे घेत होता. त्याची बाजू मला माहीत आहे. वॉरंटीतल्या कामाचे कंपनी त्याला थोडे पैसे देते, तेही उशिरा, आणि खराब पार्ट परत पाठवल्याशिवाय देत नाही. पैसे देऊन होणाऱ्या दुरुस्तीत त्याचं घर चालतं. मोटरसायकलवर दिवसभर फिरणाऱ्या त्याच्या पोरांनाही कामामागे पैसे मिळतात. त्यामुळे उन्हातान्हात आलेला तो मुलगा वाईट आहे असं मी मानत नाही. पण या व्यवस्थेत ‘वॉरंटीत बसत नाही’ असं लिहिण्यात सगळ्यांचा फायदा आणि गिऱ्हाइकाचा तोटा असतो, हेही खरं आहे.

शेवटी त्यांनी मशीन टेबलावर घेतलं. विशीतला एक मुलगा होता, हात साफ. झाकण काढलं, पिशवी काढली, मग मोटरच्या पुढचा फोमचा फिल्टर. तो पांढरट गुलाबी झाला होता. मोटरचं कव्हर उचललं तर आतही तीच पूड, बोटाला लागेल एवढी, आणि मध्येमध्ये हिरवा, जांभळा कण. रांगोळी. मुलाने बोटाने आर्मेचर फिरवलं, ते अडकत फिरलं. एक कार्बन झिजून संपत आला होता, दुसरा त्याच्या खाचेत पुडीने चिकटून बसला होता, म्हणून तांब्याच्या भागावर ठिणग्यांचे काळे डाग. गंज कुठेही नव्हता. बेअरिंगवर नाही, स्क्रूवर नाही. तो मुलगा आमच्याकडे बघून म्हणाला, “पाणी नाहीये मॅडम यात.” मी त्याला तेच जॉबशीटवर लिहायला सांगितलं. त्याने मालकाकडे बघितलं आणि लिहिलं. त्या लिहिण्याला धाडस लागतं, म्हणून त्याचे आभार मी दोनदा मानले.

रांगोळी ओढली होती हे बाईंनी लगेच कबूल केलं. दिवाळी झाल्यावर अंगणातली नाही, पण दिवाणखान्यातली पाटाभोवतीची रांगोळी त्यांनी मशीननेच उचलली होती. रांगोळी म्हणजे दळलेला दगड. कापडी पिशवीतून ती पार होते, फिल्टर गच्च करते, हवा कमी झाली की मोटर तापते. मिनिटाला वीस-तीस हजार फेरे घेणाऱ्या मोटरला ती चालत नाही. पुस्तिकेत लिहिलं होतं, सिमेंट, प्लास्टर, राख यांसारखी बारीक पूड ओढू नये. एरिया मॅनेजरने फोनवर त्यावर बोट ठेवलं.

मग मी दिवाळी ऑफरचं पत्रक काढलं. कंपनीने आम्हालाच वाटायला दिलेलं. त्यावर मशीन, शेजारी समई, आणि समोर रंगीत रांगोळी. मी त्याचा फोटो पाठवला आणि लिहिलं की तुम्ही हे मशीन दिवाळीचं म्हणून विकता, रांगोळीशेजारी ठेवून विकता, आणि सिमेंटचं नाव घेता पण रांगोळीचं घेत नाही. महाराष्ट्रातल्या घरात दिवाळीला रांगोळी असणारच. ती ओढायची नसेल तर खोक्यावर मोठ्या मराठी अक्षरात लिहा. तुमच्या माणसाने न उघडता पाण्याचं कारण लिहिलं, ते खोटं निघालं, त्याचा कागद सोबत जोडला आहे.

सोबत हेही कळवलं की बाई जिल्हा ग्राहक आयोगात जाणार आहेत आणि विक्रेता म्हणून आमच्या दुकानालाही त्या विरुद्ध पक्ष करतील. हे मी प्रत्येकाला सांगते. दुकानाचं नाव वगळू नका. दुकान आणि कंपनी एकमेकांकडे बोट दाखवत बसली की गिऱ्हाईक मध्ये लोंबकळतं. दोघं कागदावर आले की बोलणं सरळ होतं. आम्हाला त्याची भीती नाही. मामाजींच्या काळात ग्राहक पंचायतीचे कार्यकर्ते दुकानात आले की शेजारचे दुकानदार शटर अर्धं खाली घ्यायचे, मामाजी त्यांना खुर्ची द्यायचे. बिंदुमाधव जोशींनी १९७४ मध्ये पुण्यात ग्राहक पंचायत उभी केली, कायदा व्हायला १९८६ उजाडलं. मधली बारा वर्षं ही माणसं नुसत्या नैतिक जोरावर दुकानदारांशी बोलत होती, असं मामाजी आदराने सांगायचे.

आता कायद्याचा जोर पुष्कळ आहे. २०१९ चा नवा ग्राहक संरक्षण कायदा २० जुलै २०२० पासून लागू झाला. गिऱ्हाईक राहतं त्या जिल्ह्यात तक्रार करता येते, कंपनीचं मुख्य कार्यालय कुठेही असो. पाच लाखांपर्यंतच्या वस्तूला शुल्क नाही. वकील लागत नाही. कारण घडल्यापासून दोन वर्षं मुदत आहे. आयोग सिव्हिल लाईन्सला आहे, तक्रार ऑनलाइनही दाखल होते. त्याआधी १९१५ वर फोन केला तरी बऱ्याच कंपन्या हलतात. लोकांना हे माहीत नसतं असं नाही. सात-आठ हजारांच्या मशीनसाठी कोण एवढं करणार, असं त्यांना वाटतं, आणि कंपन्यांच्या हिशेबात हे वाटणं धरलेलं असतं. म्हणून मी जॉबशीटचा फोटो, बिल, सिरीयल नंबरचा फोटो आणि तक्रार क्रमांक एका कागदावर लावून देते. कागद तयार असला की माणूस उठून जातो.

बाईंचं प्रकरण आयोगापर्यंत गेलं नाही. एरिया मॅनेजरने मोटर फुकट बदलायला मंजुरी दिली. मोटर डेपोत नव्हती, ‘पार्ट पेंडिंग’ होतं. दिवाळी गेली. बाईंनी साफसफाई भाच्याकडून झाडूने करून घेतली. मोटर आली तेव्हा मूळ वॉरंटी संपलेली होती. जॉबशीटवर सेंटरने लिहिलं की बदललेल्या पार्टला मूळ मुदतीपुरतीच वॉरंटी राहील. म्हणजे नवी मोटर बसली त्या दिवशी तिला शून्य दिवसांची हमी होती.

बाईंनी सही करण्यापूर्वी मला फोन केला. मी सांगितलं, सही करा, पण वर हाताने लिहा: हरकत नोंदवून. त्यांनी शाळेत फळ्यावर लिहायच्या त्या अक्षरात ते लिहिलं. मशीन सेंटरमध्ये पडून होतं ते सगळे दिवस मुदतीत वाढवून मिळावेत आणि नव्या मोटरला तिची स्वतःची हमी असावी, असं पत्र आम्ही दोघींच्या सहीने कंपनीला पाठवलं आहे. त्याची पोच आली आहे. उत्तर आलं नाही तर पुढचा कागद आयोगाचा, आणि तो मी टाइप करून ठेवला आहे. विरुद्ध पक्ष क्रमांक दोनमध्ये आमच्या दुकानाचं नाव आहे.